डोळे झाडाचे नव्हते

छाटणी संपली, काड्या टपकायला लागल्या

दादा,

तुझं कार्ड मिळालं. टेम्पोवाल्यानं ते आधी स्वतः वाचलं, मग मालकीणबाईंच्या स्वयंपाकिणीला वाचून दाखवलं, आणि कंटाळा आल्यावर मला दिलं. तू लिहिलंयस, "डोळे गेले असतील तर घाबरू नकोस. काडी मागं घेऊन छाट. मुख्य डोळा मेला तरी त्याच्या कुशीत दुसरा झोपलेला असतो, तो फुटतो." शाबास. पैकीच्या पैकी मार्क.

मी झाडाबद्दल लिहिलं नव्हतं.

मी लिहिलं होतं, "कोपऱ्यातल्या जुन्याचे डोळे गेले, लवकर ये." उघड्या कार्डावर याहून जास्त काय लिहिणार? टेम्पोवाल्याचं तोंड म्हणजे फाटकी पिशवी. मला वाटलं तुला कळेल. कोपऱ्यातला जुना म्हणजे बाबा, कोपऱ्यातल्या खाटेवरचे. आपल्या घरातल्या कुणीही ते कार्ड वाचलं असतं तर त्याला बाबा आठवले असते. तुला द्राक्षाचं झाड आठवलं.

म्हणून आता पाकीट, आणि सरळ लिहिते. बाबांना दिसत नाही. कडेकडेनं दिसतं, चालता येतं, दार सापडतं, खांबाला धडकत नाहीत. पण समोर धरलेलं दिसत नाही. तोंडासमोर तोंड आणलं तर तोंड दिसत नाही.

मला कसं कळलं सांगते. हसायचं नाही. गंमत म्हणून मी कोळशानं मिशी काढली, चांगली पीळदार, आणि जेवायला त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, बघू किती वेळात ओरडतात. ते माझ्याकडे बघत छाटणीचं बोलत राहिले. उद्या खालच्या ओळी घेऊ, म्हणाले. कात्रीला तेल दे, म्हणाले. दोनदा माझ्याकडे बघून मान हलवली. मी मिशीसकट त्यांना दुसरी भाकरी वाढली.

मग छाटणीत मी त्यांच्या मागं मागं फिरले. बाबा अंगठ्यानं काडीवरचा डोळा चाचपतात आणि त्याच्या वर कात्री मारतात. अंगठा हुशार आहे. पण घड धरणारी काडी कुठली आणि वांझ कुठली हे रंगावर ठरतं, आणि अंगठ्याला रंग कळत नाही. ऊन कललं की बाबा फळाची काडी बुडापासून उडवतात आणि वांझ काडी प्रेमानं ठेवतात. मी बडबड केल्यासारखं करून सांगत राहिले, "बाबा, ही तांबूस काडी बघा कशी मुरडलीय, नवरीसारखी." ते म्हणायचे, "तोंड बंद ठेव." आणि ती काडी ठेवायचे.

दादा, गेल्या वर्षीच्या छाटणीत कोपऱ्याची ओळ अशीच उडवली गेली होती. हुबेहूब अशीच.

सगळ्यांसमोर बाबा तुला म्हणाले, "डोळे आहेत की भोकं?" तू म्हणालास, "ही ओळ मी छाटलीच नाही." मग तू माझ्याकडे पाहिलंस. सगळेच माझ्याकडे बघायला लागले. साहजिक आहे, नाव काडी आणि धंदा काड्या करण्याचा. तू कात्री टाकलीस आणि गेलास. बाबांचा फोन उचलत नाहीस, माझाही नाही.

ती ओळ तू छाटली नव्हतीस. मीही नाही.

मालकीणबाईंना यातलं काही माहीत नाही. कळलं तर छाटणीवाला जाईल आणि छाटणीवाल्याबरोबर खोली. आणि बाबांना हे माहीत नाही की मला माहीत आहे. आता छाटलेल्या तोंडातून पाणी ठिबकतंय, सगळी बाग टप टप करतेय. दरवर्षी मी त्या थेंबांखाली जीभ धरून उभी राहायचे. यंदा नुसतं ऐकते. छाटणीत चूक झाली तर घड जातो. पण यापुढं फवारणी आहे.

पाकिटाच्या तोंडावर माझा एक केस चिकटवलाय. तुटलेला असेल तर टेम्पोवाल्यानं वाचलंय असं समज.

काडी

डोळे फुटले त्या आठवड्यात

दादा,

उत्तर नाही. म्हणजे पत्र पोचलं नाही, किंवा पोचलं आणि तुला वाटलं ही पोरगी काड्या करतेय. दुसरं असेल तर मी तुला दोष देत नाही. तुझ्या बुटात बेडूक मीच ठेवला होता.

सकाळी सगळ्या ओळी गुलाबी झाल्या होत्या. कापसातून बाहेर आल्यासारखी बोटाएवढी पानं. मी अंगणात आले आणि नेहमीसारखं ओरडले, "बाबा, डोळे फुटले." त्यांच्या हातातला चहा सांडला. मग म्हणाले, "कुठल्या ओळीचे?" मी म्हटलं, "सगळ्याच." "बरं," म्हणाले, आणि पाय पुसत बसले. तेव्हापासून मी पालवी आली असं म्हणते, शाळेतल्या बाईंसारखं.

औषधाच्या खोलीचं तुला माहीत आहे. भुरीचं औषध आणि तणनाशक, दोन्ही निळ्या कॅनमध्ये. आधी बाबा चिठ्ठी वाचायचे. आता चिठ्ठीवर हात फिरवून मान डोलावतात, जशी काही वाचली. ते मी दाराच्या फटीतून पाहिलं. भुरीच्या औषधानं पानांवरची बुरशी मरते, पानं वाचतात. दुसऱ्यानं गवत मरतं, आणि गवत आणि द्राक्ष यात ते काही फरक करत नाही.

म्हणून मी तणनाशकाच्या सगळ्या कॅनच्या मुठींना सुतळी गुंडाळली. जाड, गाठी मारून. बाबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "भूत आहे त्या कॅनमध्ये. बांधून ठेवलंय." ते म्हणाले, "तुला कामं नाहीत." पण सुतळी सोडली नाही.

हे चांगलं झालं की वाईट ते मला कळत नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. तुला विचारते तर तू गप्प.

काडी

फुलोरा

दादा,

बागेत सध्या मोठ्यानं शिंकायचीही बंदी आहे. फुलं इतकी बारीक आहेत की दिसत नाहीत, वासच येतो. मी मनात म्हटलं, बरं आहे, यात तरी बाबा आणि बाकीचे सारखेच.

एक गोष्ट झाली, ती सांगायला लिहितेय. काल बाबा औषधाच्या खोलीतून आले, हात धुतले, आणि पाठमोरेच म्हणाले, "तुझं ते भूत."

"काय त्याचं?"

"सुतळी सैल झालीय. सुटेल."

"बांधते."

"घट्ट बांध."

एवढंच. मी रात्रभर छताकडे बघत होते. म्हणजे त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे. आणि आता आम्ही दोघं एकाच खोलीत, एकाच चुलीपाशी, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतोय. आधी एकटीला भीती वाटत होती ते सोपं होतं.

आणखी एक. तू टाकून गेलास ती कात्री त्यांनी खुंटीला लावलीय. मी हात लावला तर ओरडले, "ती नाही." त्या खुंटीकडे मात्र ते सरळ बघतात. तिरकं बघितलं असतं तर दिसली असती.

मालकीणबाईंचा भाचा आलाय शहरातून, सुट्टीला. माणूस वाईट नाही. पण त्याला आवराआवरीचा रोग आहे. आल्या आल्या त्यानं आमच्या चपला मापानुसार लावल्या. मी त्याचं नाव झाडूराव ठेवलंय. तो अजून औषधाच्या खोलीपर्यंत पोचलेला नाही. कुलूप आहे, पण दुसरी किल्ली मालकीणबाईंकडे, आणि भाचा लाडका.

ये ना. शेतीवरचा सल्ला नको. तू ये.

काडी

मणी वाटाण्याएवढे

दादा,

अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हातानं लिहितेय. उजवा ठीक आहे. त्याबद्दल विचारू नकोस. तसंही तू काही विचारत नाहीस.

झाडूराव औषधाच्या खोलीपर्यंत पोचला. सगळे कॅन पुसून रांगेत लावले, प्रत्येकावर नवी चिठ्ठी, लांबून वाचता येईल अशा अक्षरात. आणि मुठींवरची घाणेरडी सुतळी कापून कचऱ्यात टाकली. मला त्यानं स्वतः सांगितलं, विहिरीवर, खूश होऊन. "कुणीतरी गाठीच गाठी मारून ठेवल्या होत्या. तुझंच काम ना?" मी म्हटलं, "आज सकाळी आवरलं?" तो म्हणाला, "काल." आणि तेवढ्यात मला छोट्या ट्रॅक्टरचा आवाज आला. फवारणीचा पंप चालू झाल्याचा आवाज.

बाबांनी मुठी चाचपल्या असणार. एकालाही सुतळी नाही. म्हणजे भूत कशातच नाही.

मी एवढी कधी धावले नव्हते, बेडकाच्या दिवशी तू मागं लागला होतास तेव्हाही नाही. ट्रॅक्टर पहिल्या ओळीत शिरला होता. भुरीचं औषध दुधासारखं पांढरं पडतं. हे पाण्यासारखं पडत होतं, पिवळट. मी हाका मारल्या. पंपाच्या आवाजात कुठलं ऐकू येतंय. बाबा समोर बघत होते, ताठ बसून, नीट सरळ चालवत होते. एखाद्याला वाटलं असतं काय कसबी माणूस आहे. मी ट्रॅक्टरसमोर उभी राहणार होते. मग लक्षात आलं, समोरचंच तर दिसत नाही.

म्हणून मागून गेले आणि पाइप कापला, खिशातल्या, मणी विरळ करायच्या कात्रीनं. पाइप सापासारखा उडाला. जे होतं ते सगळं माझ्या अंगावर.

पंप बंद झाला. सगळे जमले. झाडूराव ओरडत होता, "हिनं पाइप कापला. मी पाहिलं. हिनं मुद्दाम कापला." मालकीणबाई आल्या. म्हणाल्या, "का गं?"

दादा, मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, थोडे बाजूला बघत होते. म्हणजे त्यांना मी दिसत होते.

मी म्हटलं, "गंमत."

बाबा काही बोलले नाहीत.

मालकीणबाई म्हणाल्या, तोडणी झाली की ही मुलगी बागेत दिसता कामा नये. सगळे गेले. मग बाबांनी मला विहिरीवर नेलं आणि माझे हात साबणानं धुतले. पुन्हा धुतले. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग पुन्हा. साबण संपला तरी धूत होते. मी म्हटलं, "बाबा, निघालं." ते म्हणाले, "मला काय माहीत निघालं की नाही."

उजव्या हाताला फोड आलेत. डॉक्टरीण म्हणाली जातील. आता खरं लिहिलं, झालं समाधान?

काडी

मण्यांना रंग चढतोय

दादा,

पाइप कापायच्या आधी जेवढ्या झाडांवर पडलं तेवढी जळली. पानं कागदासारखी झाली. बाकीच्या बागेत रोज एकेक मणी जांभळा होतोय, मण्यात पाणी उतरतंय, बोटानं दाबलं की कळतं. जळक्या झाडांचे घड तसेच आहेत, हिरवे, दगडासारखे. रोज तिथून जाताना मी मान खाली घालते. मी काही केलेलं नाही, तरीपण.

आधी सगळ्यांना वाटत होतं मी नुसता पाइप कापला. झाडं जळल्यावर झाडूरावानं टाकी तपासली. मग वेगळीच गोष्ट तयार झाली, की टाकीत तणनाशक मीच ओतलं. टेम्पोवाल्यानं ती बाजारात नेली आणि मोठी करून परत आणली. आता मी विहिरीतही ओतणार होते म्हणे. बायका मला बघून कळशी झाकतात. मला आधी हसू आलं. मग एक बाई खरंच पोरांना घेऊन घरात गेली.

काल मालकीणबाईंनी मला त्या झाडांपाशी बोलावलं. झाडूराव होता, टेम्पोवाला होता, तोडणीची सगळी माणसं होती. बाबाही.

त्या म्हणाल्या, "शेवटचं विचारते. टाकीत तूच ओतलंस?"

मला माहीत होतं हो म्हटलं की काय होईल. टेम्पोवाला आधीच चौकीचं नाव काढत होता. आणि नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न असा की मग कुणी.

मी म्हटलं, "हो."

"का?"

"गंमत."

"थांबा," बाबा म्हणाले.

ते पुढं आले. हात लांब करून एक घड धरला. जळक्या झाडाचा नव्हे, शेजारच्या चांगल्या झाडाचा. चाचपला. झाडूरावाला विचारलं, "याचा रंग काय आहे?"

तो गोंधळला. "म्हणजे? जांभळा. अर्धा."

"असेल," बाबा म्हणाले. "मला नाही दिसत."

मला वाटलं आता ते माझ्याबद्दल बोलतील, पाइपबद्दल, सुतळीबद्दल. त्यांनी तिथून सुरुवात केली नाही. ते म्हणाले, "पोरगा गेला त्या छाटणीत कोपऱ्याची ओळ मी उडवली. पोरगा म्हणत होता त्यानं नाही छाटली, ते खरं होतं. मला तेव्हाच माहीत होतं. तरी मी त्याला सगळ्यांसमोर बोललो." मग हातातला घड सोडला. "हे औषधही मीच भरलं. हिनं पाइप कापला नसता तर सगळी बाग गेली असती."

पहिलं तुझं सांगितलं, दादा. माझं नंतर.

मालकीणबाईंनी एक हिरवा घड बोटानं दाबून बघितला. म्हणाल्या, "आधी सांगायला हवं होतंत."

"हो."

"माझ्या बागेत विष घेऊन फिरलात."

"हो."

"तोडणी होऊ दे," त्या म्हणाल्या आणि गेल्या. झाडूराव तिथंच उभा होता. मला म्हणाला, "ती सुतळी..." मी म्हटलं, "राहू दे." त्याचं तोंड इतकं पडलं होतं की मला काही खोडी सुचली नाही.

टेम्पोवाल्याला मात्र काय सांगावं ते कळेना. पहिल्यांदाच त्याच्या हातात खरी बातमी होती.

काडी

पानगळ

दादा,

तोडणी झाली. घड गेले, माणसं गेली, झाडूराव गेला. जाताना आमच्या चपला पुन्हा लावून गेला. पानं लाल होऊन पडतायत, ओळींमधून पलीकडचा रस्ता दिसायला लागलाय. मी त्या रस्त्याकडे किती वेळा बघते ते सांगत नाही.

डॉक्टरीण म्हणाली, कडेचं दिसत राहील, मधलं परत यायचं नाही. बाबांनी तिला विचारलं, "मागं घेऊन छाटलं तर?" ती म्हणाली, "काय?" मी हसले, मग बाहेर जाऊन रडले. तुझं ते कार्ड मी त्यांना वाचून दाखवलं होतं.

मालकीणबाई वाईट नाहीत. म्हणाल्या, छाटणीपर्यंत खोलीत राहा. छाटणी घरातल्या कुणी केली तर पुढंही राहा. नाहीतर नवा छाटणीवाला येईल, त्याचं कुटुंब येईल, त्याला खोली लागेल. घरातलं कुणी म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. बाबांनी विचारलं नाही.

मी शिकतेय. आधी झाडूच्या काड्यांवर, मग कुंपणाच्या रानवेलीवर. बाबा तिरके बसतात, कडेनं बघतात, आणि चुकलं की कळतं त्यांना, कात्रीच्या आवाजावरून. "जुनं लाकूड कापलंस," म्हणतात. मला रंग दिसतो पण हात येत नाही. त्यांना हात येतो पण रंग दिसत नाही. दोघं मिळून एक माणूस होतो, पण फार हळू. बाग मोठी आहे. थंडी पडली की दिवस लहान.

मला भीती वाटते. हे मी आतापर्यंत कुठल्याच पत्रात असं सरळ लिहिलं नव्हतं, गमती लिहिल्या. बाबा संध्याकाळी एकटे ओळींमध्ये जातात आणि बराच वेळ येत नाहीत. मी लांबून मागं जाते, पाय न वाजवता. काल ते कोपऱ्याच्या ओळीपाशी उभे होते. तिथल्या झाडांना यंदा खालून नव्या काड्या आल्यात, जाड, बोटाएवढ्या. बाबा एकेक चाचपत होते. मागं न वळता म्हणाले, "काडी, माझ्या मागं फिरू नकोस. पडायचा असतो तर केव्हाच पडलो असतो." मग म्हणाले, "आलीच आहेस तर सांग, या कुठल्या रंगाच्या आहेत?"

मी म्हटलं, "तांबूस."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी माझा खांदा धरला आणि आम्ही घरी आलो. वाटेत म्हणाले, पत्र लिही. घरी येऊन मी कागद घेतला. ते म्हणाले, "लिही. तुझी कात्री रोज पुसतो. गंज नाही."

"पुढं?"

"बाकी कळेल त्याला."

मी म्हटलं, "बाबा, त्याला काही कळत नाही. त्याला झाड आठवतं."

ते हसले. कोपऱ्यातल्या खाटेवर बसून, भिंतीकडे तोंड करून. मग आडवे झाले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "तर मग सरळ लिही. माझं चुकलं. ये."

मी सरळ लिहिलंय. पाकिटाला केस लावलेला नाही, टेम्पोवाल्याला वाचू दे. त्याला मीच सांगितलंय, वाच आणि वाटेत भेटेल त्याला सांग, म्हणजे कुठूनतरी तुझ्या कानावर जाईल.

उत्तर दे. एकच शब्द लिहिलास तरी चालेल. फक्त झाडाबद्दल लिहू नकोस.

काडी